“मला काहून कमी?” – लेकरांना न्याय मागायला शिकवताना

सकाळी साडेसातला आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानासमोर पाच मिनिटं थांबलं की एक गोष्ट हमखास दिसते. सात-आठ वर्षांचं एखादं लेकरू मुठीत वीसची नोट घट्ट धरून ओट्याशी उभं असतं. त्याच्या मागून आलेला माणूस पुडी घेऊन जातो, शेजारची काकू साखर तोलून नेते, एक जण तर गाडीवरून न उतरताच दुधाची पिशवी मागतो आणि त्यालाही ती मिळते. लेकरू नुसतं बघत राहतं. दुकान रिकामं झालं की दुकानदार विचारतो, “हां, तुला काय पाहिजे रे?” आणि घरी पोचल्यावर आई म्हणते, “एक आगपेटी आणायला एवढा वेळ? कुठं खेळत बसला होतास?”

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर बावीस वर्षं शिकवते आहे. घरी एक मुलगा, एक मुलगी, सासूबाई. पुढं जे सांगणार आहे ते वर्गात आणि घरात करून बघितलेलं आहे, त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की लेकराला बाहेर अन्यायाविरुद्ध तोंड उघडता यावं असं वाटत असेल, तर त्याला आधी आई-बापाविरुद्ध बोलता आलं पाहिजे. सराव घरातच होतो. आणि त्या सरावात अधूनमधून आपल्याला हरावं लागतं.

आधी आपली जीभ तपासा

लेकराच्या तक्रारीला आपल्याकडं नावं किती आहेत बघा. उलटं बोलणं, तोंड चालवणं, आगाऊपणा, शहाणपणा शिकवणं, लहान तोंडी मोठा घास. एकेका नावानं एकेक तक्रार घशातच अडते. लेकराला काही शिकवायच्या आधी आठवडाभर एवढं करा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात, “गप बस”, “मोठ्यांच्या मधी बोलू नको”, “मी सांगते म्हणून” यातलं काहीही तोंडातून गेलं की पेन्सिलीनं एक रेघ ओढायची. माझ्या पहिल्या दिवसाच्या चौकोनात सात रेघा होत्या, आणि तो रविवारही नव्हता.

उद्धटपणा खपवून घ्या असं मी म्हणत नाही. पण सूर आणि मुद्दा वेगळे करायला शिका. लेकरू ओरडून म्हणालं, “तुम्ही नेहमी त्याचंच ऐकता!” तर उत्तर द्यायचं, “हेच हळू आवाजात सांग, मी ऐकते.” सूर दुरुस्त करायचा, मुद्दा ऐकून घ्यायचा. आणि खरंच ऐकायचा. हळू बोलूनही ऐकलं जात नाही हे लेकराला दोनदा कळलं, की तिसऱ्यांदा ते एकतर किंचाळतं नाहीतर कायमचं गप्प बसतं. गप्प बसणाऱ्याची काळजी जास्त करा.

हे मी शिकले ते एका कंपासपेटीपायी. चौथीचा वर्ग होता. एका मुलीची नवी कंपासपेटी हरवली. माझा संशय एका मुलावर गेला. त्याचे आई-बाप उसाच्या फडावर गेलेले, तो आजीजवळ राहायचा, आणि नेमकी त्याच्याकडं त्या दिवशी नवी पेन्सिल होती. एवढ्या पुराव्यावर मी सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर पालथं केलं. दप्तरातून पडलं काय? दोन वह्या, अर्धी भाकरी, एक भोवरा. तरी तासभर त्याला उभं केलं. दुसऱ्या दिवशी कंपासपेटी त्या मुलीच्याच भावाच्या पिशवीत सापडली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “अरे, तू बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “बोललो असतो तर तुम्ही म्हणल्या असत्या, वरून तोंड चालवायलाय.”

खरंच म्हणाले असते.

मी त्याची माफी मागितली. आधी बाजूला नेऊनच मागणार होते, मग वाटलं की दप्तर तर सगळ्यांसमोर पालथं केलं होतं. म्हणून माफीही तिथंच, तेवढ्याच चाळीस डोळ्यांसमोर मागितली. घरातही हाच हिशेब ठेवा. पाहुण्यांसमोर लेकराला विनाकारण बोललात तर त्याच पाहुण्यांसमोर “माझं चुकलं” म्हणा. अन्याय दुरुस्त होताना कसा दिसतो, हे त्यानं एकदा तरी बघितलेलं असावं लागतं.

वाटणी : तीन ते सहा वर्षं

या वयात न्याय म्हणजे वाटणी. बाकी काही समजावू नका. एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं, हा नियम गूळपोळीला, कलिंगडाला, पापडाला, सगळ्याला चालतो. कापणाऱ्याचा हात आपोआप इंचभर सरळ होतो. आईनं न्यायाधीश व्हायची गरज उरत नाही.

सीताफळाला मात्र हा नियम चालत नाही. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं दिवाळीच्या आगंमागं आमच्याकडं पाटीनं येतात, आणि सीताफळ हातानं फोडलं की कधीच निम्मं होत नाही. एका वर्षी माझी दोघं यावरून इतकी भांडली की मी दोन वाट्या दिल्या आणि म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. दोघांनी एकेक गर सुटा करून, प्रत्येक बीला एक गर असं मोजायला घेतलं. अर्धा तास गेला. माशा आल्या. शेवटी एकाकडं एकतीस, एकीकडं बत्तीस. तो एक जास्तीचा गर कुणाचा यावर पुन्हा भांडण पेटणार, तेवढ्यात धाकटी म्हणाली, “आजीला दे. तिला पेरू चावत नाही, तिला हेच खाता येतं.” मग तिलाच वाटलं की असं असेल तर आजीला एक गर देऊन कसं भागेल? आजीला त्या पाटीतलं सगळ्यात मोठं सीताफळ गेलं.

सारखं आणि रास्त यात फरक असतो हे मी तिला कितीही सांगितलं असतं तरी तिच्या डोक्यात एवढं बसलं नसतं. पुढं तेच उदाहरण कामाला येतं. तापातून उठलेल्याला जास्त दूध, रानातून आलेल्याला दोन भाकरी, ज्याला फळ्यावरचं दिसत नाही त्याला पुढचा बाक.

आणखी एक, आणि यावर मी लांबण लावणार नाही. ज्या घरात भावाचं उष्टं ताट बहीण उचलते, साय त्याच्या वाटीत पडते आणि तिला “तू मुलगी आहेस, सोसायला शीक” असं ऐकवलं जातं, त्या घरानं लेकरांना न्याय शिकवायच्या भानगडीत पडू नये. आधी ताट ज्याचं त्यानं उचलायचं.

स्वतःला कमी मिळालं की चिडणं लेकरू आपोआप शिकतं, जास्त मिळालं की अवघडणं आपोआप येतंच असं नाही. २०१५ साली सात देशांतल्या चार ते पंधरा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आपल्याला कमी आणि समोरच्याला जास्त अशी वाटणी झाली की मुलं ती नाकारायची, हे सातही ठिकाणी दिसलं. आपल्याला जास्त आणि समोरच्याला कमी अशी वाटणी नाकारणारी मुलं मात्र तीनच देशांत आढळली. त्या तिनांत भारत नव्हता. दुसरी बाजू घरानंच शिकवायची असते, हे तेव्हापासून मी धरून चालले आहे. त्याबद्दल शेवटी बोलते, कारण तिथंच मी नापास झाले.

तीन प्रश्न : सहा ते दहा वर्षं

या वयातलं लेकरू मनाविरुद्ध झालेल्या प्रत्येक गोष्टीला अन्याय म्हणतं. “दादाला मोबाईल, मला काहून नाही?” हाही अन्याय, आणि भेंडीची भाजी केली हाही अन्याय. इथं रागवू नका, थट्टा तर अजिबात करू नका. तीन प्रश्न पाठ करून घ्या:

– नियम आधी ठरला होता का?
– तो सगळ्यांना एकच होता का?
– माझं ऐकून घेतलं का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते मनाविरुद्ध आहे, अन्याय नाही. रुसायला परवानगी आहे, जेवण सोडायला नाही. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर लेकराची बाजू ऐकायला बसायचं. मोबाईलचंच घ्या. दहावी झाल्यावर मोबाईल, हे दादालाही सांगितलं होतं, तुलाही सांगितलं आहे. प्रश्न मिटला. पण दादाला नववीतच दिला असेल, तर आता तुमच्याकडं उत्तर नाही, आणि ते कबूल करायला लागेल.

हे प्रश्न पोरांच्या खेळात फार लवकर रुजतात, कारण खेळात ते आधीपासूनच असतात. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा नियम डाव सुरू व्हायच्या आधी ठरला असेल तर कुणी कुरकुर करत नाही. आऊट झाल्यावर “ट्रायल बॉल होता” म्हणणाऱ्याला मात्र सगळी पोरं एका सुरात रडी म्हणतात. मी वर्गात नेहमी तिथूनच सुरुवात करते. “ट्रायल बॉल म्हणणारा का चिडवला जातो?” विचारलं की दुसरीतलं लेकरूही सांगतं, “आधी नव्हतं ठरलं, मॅडम.”

गोष्टीही आपल्याकडं भरपूर आहेत. औंढ्याला नागनाथाच्या देवळात नामदेव महाराजांना कीर्तन करू दिलं नाही, मागं जायला सांगितलं, ते मागं गेले आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, ही आख्यायिका आमच्या भागात प्रत्येक आजी सांगते. मी ती सांगून थांबत नाही, विचारते, “तिथं बसलेल्या बाकीच्या लोकांनी काय करायला पाहिजे होतं?” एका वर्षी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “ते पण उठून मागं जायला पाहिजे होते. मग पुढं कुणीच राहिलं नसतं.” देऊळ फिरायची वाट बघत बसू नये, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुकानाच्या ओट्यावर सराव

आता परत त्या वीसच्या नोटेकडं. बोलायचा सराव शाळेत किंवा पाहुण्यांत सुरू करू नका, तिथं लेकराला फार काही गमवायचं असतं. किराणा दुकान उत्तम. चूक झाली तरी काडेपेटी उद्याही मिळते.

घरी आधी नाटक करा. बाप दुकानदार, आई मधे घुसणारी काकू. लेकराला शब्द तयार द्या, कारण ऐनवेळी आठवत नाहीत ते शब्दच: “काका, माझा नंबर आधी आहे. अर्धा किलो साखर अन् एक आगपेटी.” एवढंच. हल्ली मुलांना “मला वाईट वाटलं” असं सांगायला शिकवतात. जवळच्या माणसाशी ते ठीक आहे, पण सकाळच्या गर्दीतल्या दुकानदाराला तुमच्या वाईट वाटण्याचं काही देणंघेणं नसतं. त्याला काय झालं आणि काय पाहिजे, हे दोनच सांगायचं. त्याच क्रमानं, एका दमात. डोळे दुकानदाराकडं, पाय जमिनीवर टेकलेले, पैशाचा हात वर. हात वर केला की लहान अंगाचं लेकरूही दिसतं, ही युक्ती मला माझ्याच एका विद्यार्थ्यानं शिकवली.

पहिल्या दोन वेळा तुम्ही समोरच्या बाजूला उभ्या राहा. मधे पडू नका. लेकराचा आवाज फुटला नाही तर परत येताना “भित्रं कुठलं” म्हणू नका. “उद्या परत” म्हणा. माझ्या मुलाला चौथ्या दिवशी जमलं, आणि तेव्हाही आवाज इतका बारीक निघाला की दुकानदारानं “क्काय?” म्हणून विचारलं. पण विचारलं.

जमलं की पुढची पायरी सुट्ट्या पैशांची. दोन रुपये परत द्यायच्या जागी दुकानदार दोन गोळ्या हातावर ठेवतो. लेकराला गोळी आवडते, त्यामुळं ही परीक्षा खरी अवघड. “काका, गोळी नको, दोन रुपये द्या.” कधी तरी गोळीच घ्यावीशी वाटली तर घेऊ द्या, पण ती आपल्या मर्जीनं घेतली पाहिजे. दहा-अकरा वर्षांच्या लेकराला बाटलीवरची छापील किंमत वाचायला शिकवा. थंड केल्याचे म्हणून वर दोन-पाच रुपये घेता येत नाहीत, छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्यानं बंद आहे. एसटीत पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असतं, हे त्याला ठाऊक असू द्या आणि तिकीट त्यालाच काढू द्या. कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून राहिलेली रक्कम तिकिटामागं लिहून दिली, तर उतरायच्या आधी तिकीट दाखवून ती मागणं हे त्याचं काम. मुलगा असेल तर बाराचा झाल्यावर पूर्ण तिकीट काढायचं हेही त्याचंच काम. “अकराचा सांग” असं शिकवणाऱ्या आया मी बसमध्ये रोज बघते.

चुगली की तक्रार?

वर्गात दिवसाला तीस वेळा “मॅडम, हा बघा ना” येतं. सगळ्याला आपण “चुगल्या करू नका” म्हणून झटकतो, आणि मग एखाद्या दिवशी शाळेमागं खरंच काही वाईट घडतं तेव्हा कुणीच सांगत नाही. मी मुलांना एवढंच विचारते: तू हे सांगून कुणाचं भलं करायलास? “तो पेन्सिल चावायलाय” यात कुणाचं काही अडलेलं नाही, ती चुगली. “ते दोघं बारक्याचा डबा रोज काढून घेतात” यात बारका अडकलेला आहे, ती तक्रार. बारक्याला स्वतःला बोलायची हिंमत नसते, म्हणून शेजारच्यानं बोलायचं असतं.

चुगलखोर ठरायची भीती मोठ्या मुलांना फार असते. सहावी-सातवीनंतर शाळेतल्या तक्रारपेटीचा उपयोग सांगा, पण आधी ती पेटी उघडते का ते पालक म्हणून स्वतः विचारा. मी एके ठिकाणी कुलूप गंजलेली पेटी बघितली आहे.

शाळेत बोलायचं कसं

शिक्षक असून हे लिहिते म्हणून सहकारी रागावतील. रागवू देत.

लेकरू घरी येऊन म्हणालं, “सरांनी मारलं”, तर पहिलं वाक्य “तू काय केलं होतंस?” हे नको. दुसरं किंवा तिसरं असू द्या. पहिलं वाक्य: “बस, सगळं सांग.” मग कधी, कुठल्या तासाला, कुणासमोर, कशानं, हे एका वहीत तारीख घालून लिहायचं. लेकराच्याच शब्दांत. त्यानंतर त्याला विचारायचं, “तू बोलतोस का मी येऊ?” हा प्रश्न बहुतेक पालक विचारतच नाहीत. एकतर घरी अजून दोन ठेवून देतात, नाहीतर दुसऱ्याच दिवशी चार माणसं घेऊन शाळेवर येतात. दोन्हीत लेकराचा आवाज जातो.

साध्या गोष्टीला (चुकीचे मार्क, वर्ग झाडायची पाळी नेहमी मुलींवरच, खेळात कधीच न घेणं) लेकरानं स्वतः बोलावं. वर्ग चालू असताना नाही, मधल्या सुट्टीत, एकट्यानं, वही हातात घेऊन. “सर, या गणिताला मला शून्य आहे, उत्तर बरोबर आहे. परत बघता का?” शंभरातले नव्वद शिक्षक बघतात. आम्हीही माणसंच आहोत, चाळीस वह्या रात्री तपासतो.

खिचडी कमी मिळत असेल तर तेही विचारता येतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागं दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागं १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. लेकराला हे आकडे माहीत असले की “अजून वाढा” म्हणताना ते भीक मागितल्यासारखं बोलत नाही.

मारहाण, रोजचा अपमान, टोपणनावानं चिडवणं, वर्गाबाहेर काढणं, हे मोठ्यांनी हातात घ्यायचं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. आधी त्या शिक्षकाशी, मग मुख्याध्यापकांशी बोला. तोंडी दोनदा झालं की लेखी द्या. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणशे टक्के सदस्य पालकच असावेत असा नियम आहे, तेव्हा त्यातलं कोणीतरी तुमच्याच गल्लीतलं असतं, त्यांना सोबत घ्या. त्यानंतर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी.

अर्ज असा लिहा की वाचणाऱ्याला वाद घालायला जागा राहू नये. विशेषणं काढून टाका. “अत्यंत निर्दयपणे” लिहू नका, “दुसऱ्या तासाला, डाव्या हातावर, पट्टीनं तीन वेळा” लिहा. शेवटी एकच मागणी ठेवा: संबंधित शिक्षकांशी आमच्यासमोर बोलावं आणि काय ठरलं ते लेखी कळवावं. दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर सही, तारीख आणि शिक्का घेऊन पोच घरी आणायची. पोच मागताना संकोच वाटतो, कारकूनही “ठेवून जा की” म्हणतो. ठेवून जायचं नाही. आणि हे सगळं लेकराला सोबत नेऊन करा. पोच म्हणजे काय हे दहाव्या वर्षी कळलेलं लेकरू पुढं तहसिलात, बँकेत, कुठंच फसत नाही.

एका गोष्टीला मात्र या पायऱ्या लावू नका. खिचडीच्या पंगतीत जात बघून वेगळं बसवणं, पाण्याच्या टाकीला हात लावू न देणं, ठरावीक वस्तीवरच्याच लेकरांना संडास धुवायला लावणं, हे ‘शाळेतलं छोटंमोठं’ नाही. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता बंद आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहेत. इथं आठ वर्षांच्या लेकराला “तू बोल” म्हणून पुढं करणं हाच एक अन्याय. आणि आपलं लेकरू त्या पंगतीत ‘बरोबर’ बाजूला बसलेलं असेल, तर तक्रार आपण करायची.

जिथं बोलत बसायचं नाही

अंगाला नको तिथं हात लावणारा, दारू प्यालेला, हातात काही असलेला, “घरी सांगितलंस तर बघ” म्हणणारा. यांच्यापुढं न्याय मागायचा नसतो. पळायचं, माणसांत जायचं, मग सांगायचं. “हे कुणाला सांगू नको” असं जे कुणी म्हणेल ते त्याच दिवशी घरात सांगायचं, मग तो मामा असो, सर असो की शेजारचे आजोबा. १०९८ हा नंबर लेकराला तोंडपाठ असू द्या. फुकट लागतो, चोवीस तास लागतो, लेकरू स्वतः लावू शकतं. आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या आणि आजीकडं ठेवलेल्या लेकरांना तर तो दारामागं खडूनं लिहून द्या.

बोलूनही हरलं तर

हे होणारच. पुष्कळदा होईल. लेकरू नीट बोललं, हळू बोललं, तरी समोरच्यानं हाकललं. घरी येऊन ते म्हणेल, “तू म्हणली होतीस बोल म्हणून. काय उपयोग झाला?”

खोटं सांगू नका. “उपयोग झाला नाही, तरी तू बरोबर होतास” एवढं म्हणा आणि त्या दिवशी त्याच्या बाजूला बसा. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा झाला की मी मुलांना १९३८ ची हकिकत सांगते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी केली, मुलांनी ऐकलं नाही, त्यांना काढून टाकलं. शिक्षण तुटलं असतं. पण नागपूर विद्यापीठानं त्यातल्या कित्येकांना दाखल करून घेतलं. पोरांना गाणाऱ्या मुलांचं कौतुक वाटतं, मला नागपुरात दार उघडणाऱ्यांचं वाटतं. आपलं लेकरू बोललं आणि हरलं, तर संध्याकाळी घराचं दार कोणत्या तोंडानं उघडतं हे आपल्या हातात असतं.

आणि पारडं आपल्याकडं झुकलेलं असताना

आता माझ्या नापास होण्याची गोष्ट. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या भागात तीन-चार दिवसाआड टँकर यायचा. सकाळपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या, टँकर आला की आपापल्या घागरीशी जाऊन उभं राहायचं. माणूस नसला तरी घागर नंबर धरते, हा आमच्या गल्लीचा न लिहिलेला कायदा. त्या दिवशी टँकरवर माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. “मॅडम, तुम्ही कशाला रांगेत? आणा पाइप इकडं.” मी आणला. आठ हंडे आणि न्हाणीतली टाकी भरली. बायका बघत होत्या, कुणी काही बोललं नाही. मॅडमला कोण बोलणार?

माझी मुलगी तेव्हा अकराची. पाइप धरून उभी होती. म्हणाली, “आई, हे आधी ठरलं होतं का?”

मी म्हणाले, “गप पाणी भर.”

तिनं पाइप खाली ठेवला, आत गेली आणि कॅलेंडरवर एक रेघ ओढून आली. मग आमच्या दोन रिकाम्या घागरी उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवल्या आणि तिथंच उभी राहिली. तिचा नंबर यायच्या आत टँकर संपला.

पुढच्या टँकरला तोच पोरगा होता. त्यानं हाक मारली. मी म्हणाले, “राहू दे बाळा, आहे माझी घागर रांगेत.” अकरावा नंबर होता. पोचेपर्यंत पाइपातून फुसफुस हवाच जास्त यायला लागली होती. दीड हंडा पाणी मिळालं. त्या आठवड्यात आमच्याकडं चादरी धुतल्या नाहीत, आणि सासूबाईंनी मला त्याबद्दल बरंच ऐकवलं.